डाव्या कडेचा हात

सॅस्क्वाच नावाचा प्राणी जगात आहे की नाही, याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नव्हतं. उत्तर अमेरिकेच्या जंगलात आठ-नऊ फुटी, केसाळ, दोन पायांवर चालणारं काहीतरी राहतं, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत आणि त्याचे अंधुक व्हिडिओ दाखवत आलेत. आमच्या केंद्रात अशा क्लिप वर्षभर येत राहायच्या. आम्ही त्यांना ‘केसाळ मंडळी’ म्हणायचो. नव्या परीक्षकाचा हात बसावा म्हणून त्याला आधी केसाळ मंडळी द्यायची, असा रिवाज होता. मी तर केंद्रातला सगळ्यात जुना परीक्षक. तरी ती क्लिप माझ्याकडे आली, कारण केंद्राच्या संचालक गजभिये मॅडमना केसाळ मंडळींपैकी कुणाला बघून पहिल्यांदाच हसू आलं नव्हतं.

“मुनघाटे, हे जरा नीट पाहा,” त्या म्हणाल्या. “मी ते झाडांतून निघालं तेवढंच पाहिलं, तरी मले घाम फुटला.”

आमचं केंद्र काय करतं ते आधी सांगतो. यंत्रानं रचलेल्या खोट्या क्लिपचा असा सुळसुळाट झाला की कोर्ट, वनखातं, विमेवाले, कुणीच डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवेना. मग देशादेशांत ठरलं की प्राण्याची क्लिप पुरावा म्हणून चालवायची असेल तर ती लांबच्या, त्या भानगडीत काही फायदा-तोटा नसलेल्या केंद्रातून तपासून यावी. नागपूरला वाघांमुळे हे काम आधीपासून होतं. त्यामुळे कॅनडातलं अस्वल खरं की खोटं हे आता सेमिनरी हिल्सच्या उतारावरच्या दुमजली इमारतीत ठरतं, आणि खाली कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे मिळतात.

आमच्या तपासणीच्या यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला हाडवैद्य म्हणतो. गावाकडचा हाडवैद्य कातडीवरून बोटं फिरवून आत काय मोडलंय ते सांगतो, तसं हे यंत्र कातडीच्या हालचालीवरून आतला सांगाडा मांडतं. पाऊल जमिनीवर पडलं की धक्का टाचेतून वर चढतो. मांडीचा स्नायू थरथरतो, त्यावरची चरबी किंचित उशिरा हलते, तिच्यावरचे केस आणखी उशिरा. या सगळ्या उशिरांचा हिशोब मांडला की वजन निघतं, हाडांची लांबी निघते, सांधे कुठे आहेत ते निघतं. कुणी केसाळ पोशाख घातला असेल तर आतला माणसाचा गुडघा दिसतो. क्लिप यंत्रानं रचलेली असेल तर आत हाडंच सापडत नाहीत, कारण रचणाऱ्या यंत्राला केसन्‌केस जमतो, पण चिखलानं पावलाला किती उलट ढकललं हे त्याला ठाऊक नसतं. मात्र हाडवैद्याला कुठे बघायचं ते माणसानं सांगावं लागतं. परीक्षक पडद्यावर चौकट आखतो, तेवढ्यातच तो हाडं शोधतो. चौकटीबाहेर हत्ती नाचला तरी त्याला पत्ता नसतो.

दुसरी तपासणी कॅमेरा धरणाऱ्याची. हातातला कॅमेरा उगाच हलत नाही. त्या हलण्यात धरणाऱ्याचं पाऊल असतं, श्वास असतो आणि अगदी बारीक असा काळजाचा ठोका असतो. हाडवैद्य हे तिन्ही वेगळे काढतो. झाडाआडून पोशाखातला मित्र येणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याचे ठोके प्राणी दिसायच्या आधी वाढतात. ज्याला खरंच काही माहीत नाही, त्याचे नंतर. तोंडानं वाटेल तेवढं किंचाळता येतं, मनगटाला ते सोंग जमत नाही. म्हणून अहवालात शेवटचा प्रश्न तोच असतो: धारकास पूर्वकल्पना होती काय? उत्तर ‘होय’ आलं की धारकाच्या नावावर शिक्का बसतो, आणि मग त्यानं काढलेलं काहीही जगात कुठेच पुरावा म्हणून चालत नाही.

परीक्षकाला क्लिप मुकी मिळते. आवाज, नावं, ठिकाण, धारकाचं निवेदन, सगळं सीलबंद. मागे एकदा एका बाईची किंकाळी ऐकून आमच्या एका परीक्षकानं गल्लीतल्या कुत्र्याला बिबट्या ठरवलं होतं, तेव्हापासून हा नियम आला. आणि परीक्षकानं क्लिपमधलं कुणी ओळखलं तर त्यानं तिथेच हात वर करायचा. क्लिप दुसऱ्याकडे जाते.

मी हात वर केला नाही.

*

क्लिप छोटीशीच. उंच देवदारासारखी झाडं, खाली कमरेइतकं नेचं, राखाडी उजेड. कॅमेरा चालत पुढे जातो, थांबतो. डाव्या कडेनं कुणाचातरी हात आत येतो. मग समोरच्या दोन बुंध्यांमधून ते काहीतरी बाहेर पडतं, आडवं चालत जातं, दोन-तीनदा मान वळवून मागे बघतं आणि झाडांत नाहीसं होतं.

मी शिस्तीप्रमाणे आधी धारकाची चाल काढली. पडद्यावर रेघ उमटू लागली आणि मी खुर्चीत ताठ झालो. डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित उशिरा टेकत होतं. गुडघ्याचं जुनं दुखणं. रविनगर चौकात स्कूटीवरून पडल्यापासून केतकीचं पाऊल असंच पडतं. आम्ही फुटाळा तलावावर फिरायला जायचो तेव्हा त्या उशिराशी जुळवून घ्यायची मला इतकी सवय लागली होती की एकटा चालतानाही मी अडखळायचो. मग मी श्वासाची रेघ काढली. कॅमेरा स्थिर करताना धारकानं श्वास रोखला होता, सुईत दोरा ओवताना केतकी रोखते तसा.

केतकी माझी बायको. अस्वलांच्या अभ्यासासाठी दोन वर्षांपूर्वी पश्चिम कॅनडात गेली. तिला तिकडे बोलावून घेणारा माणूस म्हणजे प्रद्युम्न डांगोरे, आमच्याच कॉलेजचा, माझ्या हॉस्टेलच्या खोलीतला. सगळे त्याला पद्या म्हणायचे. दिसायला बरा, गळा गोड, स्वयंपाक उत्तम, आणि वर स्वभावानं इतका चांगला की त्याचा राग करायचीही सोय नाही. मी तरी केला. केतकी जाताना विमानतळावर त्याच्याशी फोनवर हसून बोलत होती तेव्हापासून तर माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

आणि क्लिपमधला हात पद्याचा होता. जाड नारिंगी हातमोजा, आणि मोज्याच्या करंगळीचं टोक रिकामं, लोंबतं. पद्याची करंगळी हॉस्टेलच्या लोखंडी फाटकात अर्धी गेली होती. तिला बर्फात गुंडाळून मीच त्याला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं होतं.

तो हात येऊन कडेबाहेर, केतकीचं मनगट असणार तिथे, टेकत होता. नुसता लागत नव्हता, टेकत होता. आणि राहत होता.

मग मी ठोक्यांची रेघ काढली. चालताना ठोके शांत. आणि प्राणी दिसायच्या जरा आधी, हात आत येतो ना, जवळजवळ त्याच सुमाराला, रेघ एकदम वर गेली होती.

मी ती रेघ किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. अर्थ दोनच निघत होते. एक, केतकीला पुढे काय येणार ते माहीत होतं. म्हणजे ती क्लिप बनावट, आणि माझी बायको लबाड. दोन, तिला काही माहीत नव्हतं, क्लिप खरी होती, आणि तिचं काळीज उडालं ते पद्याच्या हातामुळे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. पडद्यावर तिचा चेहरा नेहमीपेक्षा लालसर, डोळ्यांत चमक.

“जेवलास का काल नीट?” तिनं विचारलं.

“हो. तुझं काय चाललंय?”

“काही नाही, नेहमीचंच. अस्वलं आणि चिखल.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. क्लिप दाखल करणाऱ्यानं निकाल लागेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असा नियम आहे. तो मीच दहा जणांना समजावून सांगितलेला. तरी तिनं माझ्याशी खोटं बोलावं, आणि इतकं सहज बोलावं, हे मला लागलं.

“काही विशेष दिसलं नाही का जंगलात?” मी विचारलं.

“काहून?” ती पटकन म्हणाली. “असं काहून विचारून राहिला?”

“सहज.”

मागून भांड्याचा आवाज आला आणि पद्याचा गळा. “अबे अभ्या, पिठलं केलंय मी. तुझ्या बायकोले इथं भाकरी थापाले लावली.”

केतकी हसली. मागे वळून त्याला म्हणाली, “मीठ जास्त झालंय हं.” आणि माझ्याकडे वळली तेव्हा ते हसू चेहऱ्यावर तसंच उरलेलं होतं. माझ्या वाट्याला उरलेलंच येतं आजकाल, असं माझ्या मनात आलं.

“दिवाळीला येशील ना?” मी म्हणालो.

“सांगता येत नाही रे. इथलं काम वाढण्याची शक्यता आहे. बरंच वाढेल बहुतेक.”

“पद्या येणार आहे का?”

“तो कसा येईल? तोही इथंच लागेल मला.”

लागेल मला. हे दोन शब्द घेऊन मी ऑफिसला गेलो. सरळ विचारता आलं असतं. केतकी, ती क्लिप माझ्याकडे आहे, आणि तुझं काळीज कशानं उडालं ते सांग. नियम मोडला असता, नोकरी गेली असती, पण उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं जे सांगितलं असतं त्यावर विश्वास ठेवावा लागला असता. त्यापेक्षा मला रेघ बरी वाटत होती.

*

पुढचे दिवस मी तीच क्लिप पुन्हा पुन्हा लावली. हाताभोवती चौकट आखून मी हाडवैद्याला विचारलं, हात किती जोरानं टेकलाय? त्यानं सांगितलं, बऱ्यापैकी. बोटं मिटलेली आहेत की सैल? मिटलेली. धारकाचं मनगट मागे घेतलं गेलं का? यावर हाडवैद्य गप्प. मनगट चित्राच्या बाहेर होतं.

“काहून हो मुनघाटे,” गजभिये मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, “एकाच क्लिपशी संसार मांडून राहिले का? बाकीच्या तुंबल्या न्‌ इकडे.”

“गुंतागुंतीची आहे मॅडम.”

“प्राणी आहे का आत?”

“बघतोय.”

त्या गेल्यावर मला आठवलं की प्राण्याभोवती चौकट आखायचीच राहिली आहे. मी घाईनं आखली. हाडवैद्यानं सांगाडा मांडला. वजन चांगल्या रेड्याएवढं. गुडघ्याची जागा माणसाची नव्हती. पण हल्ली आत लोखंडी सांगाडा आणि मोटरी बसवलेले पोशाख मिळतात, ते घालून माणसाला हवं तेवढं वजन आणि हवा तिथे गुडघा दाखवता येतो. त्यामुळे हाडवैद्यानं प्राणी असण्याच्या बाजूनं थोडंसंच झुकतं माप दिलं होतं आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं: चाल शरीराला शोभत नाही. इतक्या लांब पायांच्या प्राण्यानं ढांगा टाकत जायला हवं. हा आखूड पावलं टाकत होता, मध्येच थांबत होता, मान वळवून मागे बघत होता.

‘कुणाच्या तरी सूचनेची वाट बघत असल्याप्रमाणे,’ मी अहवालात लिहिलं. लिहिताना मला ते पटलंही होतं. पटवून घ्यायचं म्हटलं की काय पटत नाही!

राहिला शेवटचा प्रश्न. धारकास पूर्वकल्पना होती काय?

‘नाही’ लिहायचं तर ठोके आधीच का वाढले याचं कारण द्यावं लागणार होतं. म्हणजे मला माझ्या हातानं, केंद्राच्या कागदावर लिहावं लागणार होतं की सोबतच्या पुरुषाच्या स्पर्शानं. आणि ते एकदा लिहिलं की खरं झालं.

‘होय’ लिहिलं तर केतकीच्या नावावर शिक्का. तिचं सगळं कामच कॅमेऱ्यावर. अस्वलांच्या क्लिपसुद्धा कुणी घेणार नाही. प्रकल्प बंद. मग ती काय करणार? परत येईल. लाजेनं, रडत, पण नागपूरला येईल, इथे या घरात. फुटाळ्याला आम्ही पुन्हा फिरायला जाऊ. मी तिला एका शब्दानं टोचणार नाही. उलट मीच तिची समजूत घालीन.

लबाड बायको मला चालणार होती. दुसऱ्याची चालणार नव्हती. मी ‘होय’ लिहिलं.

*

आमच्याकडे एक रिवाज आहे, त्याला आम्ही नजरफेर म्हणतो. निकाल कळवून झाला की पुढच्या शनिवारी सगळे मोठ्या खोलीत जमतात, पोहे येतात, सील फोडतात, क्लिप दाखल करणाऱ्याला पडद्यावर बोलावतात आणि क्लिप पहिल्यांदा आवाजासकट लावतात. परीक्षकाच्या खुर्चीला नजर टिपणारं उपकरण आहे. तपासताना त्याची नजर जिथे जिथे गेली तिथे तिथे क्लिपवर लाल ठिपके उमटतात, म्हणजे त्यानं काय बघून निकाल दिला ते सगळ्यांना दिसतं. आणि क्लिप सगळ्यांसमोर चालू असताना त्याची नजर जिथे असेल तिथे निळा ठिपका फिरतो. उठून बोट दाखवत बसायला नको म्हणून ती सोय. प्रमाणपत्रावर सही होते ती यानंतर.

मला नजरफेरची भीती नव्हती. धारक तपासत होतो, म्हणून हाताकडे बघितलं, असं म्हणता येणार होतं. केतकी मला त्या खुर्चीत बघेल, हे मात्र मी मनातल्या मनात शंभरदा घोळवलं होतं. मी नियमानं वागलो, असा चेहरा करायचं ठरवलं होतं.

गजभिये मॅडमनी सील फोडलं आणि नावं वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“मुनघाटे, ह्या तुमच्या मिसेस आहेत?”

“हो?” मी म्हणालो. “केतकी?”

“तुमाले माहीत नव्हतं?”

“नाही.”

बाजूच्या छोट्या पडद्यावर केतकी आली. तिच्या शेजारी पद्या. दोघांचेही चेहरे उतरलेले; निकाल त्यांना कालच मिळाला होता. मग तिनं मला पाहिलं. आधी तिला बरं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. मग मी कुठल्या खुर्चीत बसलोय ते तिच्या लक्षात आलं.

“तू?” ती म्हणाली. “तू तपासली?”

“नावं सीलबंद असतात, केतकी.”

“माझी चाल पण सीलबंद असते का?”

गजभिये मॅडमनी दिवे मालवायला सांगितले.

क्लिप सुरू झाली. आठवडाभर मुकी पाहिलेली ती जागा आता बोलत होती. पानांवरून टपटपणारं पाणी, ओल्या काटक्या मोडणारे बूट, केतकीचा श्वास. आणि मग एक आवाज आला. बारीक, तुटक, मध्येच चिरकणारा. तान्हं मूल भुकेनं रडून दमलं की शेवटी जसं कुरकुरतं, तसा.

“पद्या,” केतकीची कुजबुज, “पिल्लू आहे. अरे, पिल्लू आहे तिथं.”

“पुढं नको जाऊ,” पद्याचा दबका आवाज. “आई असेल जवळ. थांब इथंच.”

आणि डाव्या कडेनं नारिंगी हात आत आला आणि तिच्या मनगटावर टेकला.

मग ती बुंध्यांमधून बाहेर पडली. ती म्हणतो, कारण आता कळत होतं. आखूड पावलं टाकत, थांबत, मागे बघत. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, नेचं हललं. गुडघ्याएवढं, तपकिरी, ओलं काहीतरी त्यातून धडपडत निघालं, पडलं, उठलं. तिच्या मागे चार पावलं धावलं, पुन्हा पडलं. ती थांबली. मान वळवून बघत राहिली, ते उठेपर्यंत.

खोलीत कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. आमचे परीक्षक पोह्यांच्या बशा हातात धरून पुढे वाकले होते.

“अहो, हे तर पिल्लू आहे,” गजभिये मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “पिल्लासाठी थांबून राहिली ती. मुनघाटे, अहवालात कुठंच नाही हे. तुमी पाहिलं नाही?”

त्यांनी लाल ठिपके लावायला सांगितले.

क्लिप पुन्हा सुरुवातीपासून लागली. हात आत आला आणि पडद्याची डावी कड लाल झाली. ठिपक्यांवर ठिपके, इतके की खालचा नारिंगी रंग झाकला गेला. आई बाहेर पडली. तिच्यावर इकडे-तिकडे शिंतोडे उडाल्यासारखे थोडे ठिपके, घाईचे. उजव्या कोपऱ्यात पिल्लू पडलं, उठलं, पडलं. तिथे एकही ठिपका नव्हता. सगळ्यांनी बघितलं. जगात आजवर कुणीच न पाहिलेल्या त्या पिल्लाची क्लिप मी इतक्या वेळा लावली होती, आणि ते एकदाही पाहिलं नव्हतं.

“अभ्या,” पद्या हळूच म्हणाला. मला त्याचा तो समजूतदार स्वर सहन झाला नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

केतकी ठिपक्यांकडे बघत होती. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही. ती हाडवैद्य नाही, पण मला ओळखते.

“तुला वाटलं मी खोटी क्लिप केली?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

“म्हणजे तुला माहीत होतं की मी खरी आहे. तरी शिक्का मारला.”

“ठोके आधी वाढले होते, केतकी. हात आला तेव्हा.”

“आवाज आला तेव्हा,” ती म्हणाली. “मी घाबरले होते रे. आनंद पण झाला होता. मला वाटलं होतं, निकाल लागला की सगळ्यात आधी तुला फोन करीन. एवढंच डोक्यात होतं माझ्या. फोनवर विचारायचं होतं ना मला. काय असेल ते सरळ विचारायचं होतं.”

“केतकी, ऐक.”

“बोल ना. ऐकून राहिले मी.”

गजभिये मॅडमनी माझ्या अहवालावर आडवी रेघ मारली आणि क्लिप दुसऱ्या परीक्षकांकडे जाईल, धारकावरचा शिक्का निघेल, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ते सोमवारी होणार हे मला कळत होतं. त्या जागच्या उठल्या, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बसल्या. बाई मनानं मोठी. आमच्यात अजून काहीतरी वाचेल, असं त्यांना वाटलं असावं.

“मुनघाटे,” त्या म्हणाल्या, “झालं ते झालं. आता एकदा डोळे भरून पाहून घ्या. आपल्याच घरच्या माणसानं शोधलंय. लाल ठिपके काढा रे, आन्‌ क्लिप लावा शेवटची बार.”

दिवे पुन्हा मालवले. छोट्या पडद्यावर केतकीनंही मान वळवून क्लिपकडे तोंड केलं. तिच्या चेहऱ्यावर राग होताच, पण थोडी वाट बघणंही होतं. मी तिच्याबरोबर ते पिल्लू बघावं, एवढंच तिला हवं होतं. मलाही तेच हवं होतं, शपथेवर सांगतो.

पाणी टपटपलं. बूट वाजले. पिल्लू कुरकुरलं. केतकीची कुजबुज, पद्याचा दबका आवाज. नेचं हलायच्या आधीच सगळ्यांनी उजव्या कोपऱ्याकडे माना वळवल्या. मीही तिकडेच बघायचं ठरवलं होतं. फक्त एक, शेवटचं, मला बघून घ्यायचं होतं: हात टेकला तेव्हा तिनं मनगट मागे घेतलं का. कडेला, अगदी कडेला, कदाचित काही दिसलं असतं.

खोलीतली कुजबुज थांबली तेव्हा मला कळलं की मी कुठे बसलोय.

लाल ठिपके काढले होते, निळा काढायचा राहिला होता. पडद्यावर पिल्लू पडलं, उठलं आणि आईच्या मागे झाडांत गेलं. निळा ठिपका डाव्या कडेला, हातावर होता. केतकी आता क्लिपकडे बघत नव्हती, ठिपक्याकडे बघत होती. मी नजर हलवायला गेलो, आणि ठिपका हातावरून निघाला तो मनगट जिथे असायला हवं होतं त्या बाजूला सरकला आणि तिथे थांबला.

“मॅडम,” केतकी शांतपणे म्हणाली, “बंद करा ते.”